शिक्षकाचे संमतिपत्र

आपल्याकडे स्वयंपाक, क्रिकेट आणि शाळा या तीन विषयांत मत नसलेला मनुष्य सापडणे कठीण. जेवलेला प्रत्येक जण पाकशास्त्री, सामना पाहिलेला प्रत्येक जण कप्तान, आणि कधीकाळी बाकावर बसलेला प्रत्येक जण शिक्षणतज्ज्ञ! त्यामुळे २०२० साली करोनाची साथ आली आणि शाळा उघडाव्यात की बंद ठेवाव्यात असा प्रश्न निघाला, तेव्हा मतांची मुळीच टंचाई पडली नाही. मंत्री बोलले, डॉक्टर बोलले, पालक बोलले. दूरचित्रवाणीवर रोज रात्री आठ माणसे एकदम बोलली. आमच्या जिन्यात दुधाच्या पिशव्या ठेवून जाणाऱ्या मुलालाही या विषयावर ठाम मत होते. ज्याने खडू हातात घेऊन त्या वर्गात उभे राहायचे, त्याला मात्र कोणी फारसे विचारले नाही. त्याने आपण होऊन काही सांगितलेच, तर “घरबसल्या पगाराची सवय लागली!” हे उत्तर तयार होते.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आता डोकी शांत आहेत. तेव्हा जे त्या वेळी विचारायचे राहून गेले, ते दिवाळीच्या फराळाबरोबर विचारायला हरकत नसावी.

माझे स्वतःचे मत या बाबतीत कवडीमोलाचे आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. माझे विद्यार्थी त्या दोन वर्षांत मला काळ्या चौकोनांच्या रूपाने भेटले. चौकोनाखाली नाव असे. चौकोनामागे मूल आहे की नुसतीच उशी, हे कळायला मार्ग नसे. पण अठरा वर्षांच्या मुलाला घरी बसवणे वेगळे आणि सहा वर्षांच्या मुलाला बसवणे वेगळे. म्हणून मी बोलणार आहे ते माझ्या घरातल्या दोन खऱ्या शिक्षिकांच्या आधारावर. एक आमची सौ. ती पुण्यातल्या मध्यवस्तीत एका जुन्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दुसरी माझी थोरली बहीण. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत आहे. एकीच्या वर्गात साठ मुले, दुसरीच्या सबंध शाळेत एकतीस.

आठवण ताजी करण्यापुरत्या दोन-चार तारखा सांगतो. मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच दारे लागली. भूगोलाचा शेवटचा पेपर झालाच नाही आणि त्या वर्षीची मुले भूगोल न लिहिताच पास झाली. जूनमध्ये वर्ग मोबाइलवर सुरू झाले, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागले. २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडायचे ठरले, पण अखेरचा शब्द त्या त्या गावच्या प्रशासनाचा. पुणे शहरात ते ४ जानेवारी २०२१ ला उघडले. पुढे दुसरी लाट आली, दारे पुन्हा लागली. ऑगस्ट २०२१ मध्ये तर उघडण्याचा आदेश निघाला आणि दोनच दिवसांत तो थांबवलाही गेला. शेवटी ऑक्टोबरमध्ये शाळा उघडल्या. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनने पुन्हा मिटल्या. उघडझाप म्हणतात ती हीच.

त्या पहिल्या उघडण्याच्या वेळी सौ. एक कागदाचा गठ्ठा घरी घेऊन आली. पालकांची संमतिपत्रे. मुलाला शाळेत पाठवण्यास आमची हरकत नाही, असे पालकाने लिहून द्यायचे. न दिल्यास मुलावर सक्ती नाही. नियम चांगलाच होता. मी गठ्ठा चाळता चाळता सहज विचारले, “आणि तुझे संमतिपत्र कुठे आहे?”

सौ. हसली. “माझं कशाला? माझी चाचणी झाली ना!”

भाषेचा मास्तर असल्यामुळे मला ही गोष्ट फार बोलकी वाटली. अशा परिपत्रकांची भाषा तुम्ही कधी लक्षपूर्वक वाचली आहे का? पालक तिथे कर्ता असतो. तो संमती देतो किंवा देत नाही. शिक्षक कर्मणी प्रयोगात असतो. त्याची चाचणी करण्यात येते, त्याला कामाचे वाटप करण्यात येते, त्याची उपस्थिती बंधनकारक करण्यात येते. डॉक्टर तेव्हा सांगत होते की मुलांना या रोगाचा धोका कमी आहे. ते खरेही होते. पण वर्गात केवळ मुले नसतात. तिथे एक पन्नाशीचा, मधुमेह असलेला, घरी म्हातारी आई असलेला गृहस्थही असतो, हे बहुधा कोणाच्या ध्यानातच आले नाही.

याचा हिशेब स्वीडनने नकळत मांडून ठेवला आहे. २०२० च्या वसंतात त्या देशाने नववीपर्यंतच्या शाळा चालू ठेवल्या आणि त्यापुढचे वर्ग घरी बसवले. पहिल्या लाटेच्या त्या महिन्यांत तिथल्या एक ते सोळा वर्षांच्या सुमारे साडेएकोणीस लाख मुलांपैकी करोनामुळे अतिदक्षता विभागात गेलेली मुले अवघी १५ निघाली, आणि मृत्यू एकही नाही. हा आकडा जगभर गाजला. शाळा उघडा म्हणणाऱ्यांच्या तो तोंडी असे. त्याच देशातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दुसरा एक हिशेब प्रसिद्ध केला, तो तितकासा गाजला नाही. उघड्या शाळांतल्या वरच्या वर्गांचे शिक्षक आणि घरून शिकवणारे त्यापुढच्या वर्गांचे शिक्षक यांची त्यांनी तुलना केली. उघड्या शाळांतल्या शिक्षकांना लागण जवळजवळ दुप्पट झाली होती, आणि त्यांच्या पती-पत्नींनाही अधिक झाली होती. पालकांना मात्र अगदी थोडी जास्त. म्हणजे मुले सुरक्षित होती हे जितके खरे, तितकेच शिक्षक नव्हते हेही खरे. माझ्या मते दोन्ही आकडे एकाच पानावर छापायला हवेत.

आता तुम्ही म्हणाल, तर मग सगळे शिक्षक शाळा बंदच ठेवा म्हणत असतील. गंमत तीच आहे. तसे मुळीच नव्हते.

सौ.च्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत, जानेवारी उजाडण्यापूर्वी, जेवढ्या खुर्च्या तेवढी मते होती. पी.टी.चे सर सर्वांत पुढे : “उघडा! पोरं घरी बसून लोण्याचे गोळे झालीत.” गणिताचे सर कडवे विरोधक. दोन खोल्यांच्या घरात वडील, त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया नुकती झालेली. शाळेतून आल्यावर बसायचे कुठे, हाच त्यांचा सगळा युक्तिवाद. एक तरुण शिक्षक विनाअनुदानित तुकडीवरचे. फी येत नाही म्हणून त्यांचा पगार निम्म्यावर आलेला. ते म्हणत, “उद्या उघडणार असाल तर आज उघडा.” त्यांचे मत पोटातून आले होते, म्हणून ते कमी प्रामाणिक होते असे मी म्हणणार नाही. चित्रकलेच्या बाई निवृत्तीला आलेल्या. त्या म्हणत, मुलांचे हात आखडले असतील, पण अजून चार महिने थांबू या. आणि आमची सौ.? तिचे म्हणणे एका वाक्याचे होते : “उघडा, पण ही शाळा अशी नको.”

‘अशी’ म्हणजे कशी, ते ती बोटांवर मोजून दाखवी. साठ मुलांचा वर्ग, म्हणजे निम्मी आज, निम्मी उद्या. म्हणजे एकच धडा दोनदा. आणि ज्यांनी संमतिपत्र दिले नाही त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा, रात्री, मोबाइलवर. तोंडावर मुखपट्टी बांधून शेवटच्या बाकापर्यंत आवाज पोहोचवायचा. मुलाला समजले की नाही हे त्याच्या ओठांवरून कळते, तेच झाकलेले. आणि खिडक्या! इमारत जुनी. दर काही वर्षांनी रंग देताना रंगाऱ्यांनी चौकटीसकट खिडक्या रंगवून टाकलेल्या, त्यामुळे अर्ध्या खिडक्या कायमच्या चिकटून बसलेल्या. तापमापक आला, हात धुण्याचे द्रव आले, फरशीवर पिवळे गोल आले. हवा येण्याची व्यवस्था मात्र कोणाच्या यादीत नव्हती. हा रोग हवेतून पसरतो, हे तोवर पुष्कळ शास्त्रज्ञ ओरडून सांगत होते.

याच सुमारास ताईचा फोन आला की सूर निराळाच.

“अरे, तुमच्या शहरात मुलं घरी आहेत म्हणे! आमच्याकडे कुठे आहेत? सगळी रानात आहेत, ओढ्यावर आहेत, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आहेत. सगळीकडे एकत्र आहेत. एकत्र नाहीत ती फक्त शाळेत!”

तिच्या एकतीस मुलांपैकी नऊ जणांच्या घरी बरा मोबाइल होता. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई आणि रात्री परत येई, तेव्हा मूल झोपलेले असे. ताईने हुकमाची वाट पाहिली नाही. मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर सहा-सहा मुलांच्या टोळ्या करून तिने वर्ग भरवला. असे करणारी ती एकटी नव्हे. पालघरच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून ‘बोलकी शाळा’ भरली. सोलापुरात निलमनगरच्या कामगार वस्तीत घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, म्हणजे मुलाने चालता चालता वाचावे. शाळा बंद आणि शिक्षण चालू, हा प्रकार कागदावर जेवढा सोपा वाटतो तेवढा तो नव्हता. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यांतल्या गरीब वस्त्यांमधली सुमारे चौदाशे मुले पाहिली. खेड्यांतल्या मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी ८ टक्के, आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के. ‘असर’च्या पाहणीत ग्रामीण भारतात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा धडा वाचता येई, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. २०२२ मध्ये ते २०.५ वर आले. हे आकडे ताईला कोणी दाखवायला नकोत. तिच्या ओट्यावर चौथीतली मुलगी स्वतःचे नाव लिहिताना थांबली होती.

आता सौ. आणि ताई यांचा तंटा होता का? मुळीच नाही. एकीच्या शाळेला आभाळाएवढी खिडकी होती, दुसरीच्या शाळेची खिडकी रंगाने चिकटलेली होती. मतभेद दोन शिक्षिकांचा नव्हता, दोन इमारतींचा होता. आणि सबंध राज्याला एकच प्रश्न विचारला जात होता : उघडायची की नाही?

हा प्रश्न काही नव्याने पडलेला नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्कने मात्र चालू ठेवल्या. तिथले आरोग्य आयुक्त कोपलंड यांचे म्हणणे असे की, ही लाखो मुले दाटीवाटीच्या चाळींत राहतात. घरापेक्षा शाळा हवेशीर आहे, आणि शाळेत रोज सकाळी शिक्षक मुलाला पाहतो, संशय आला तर परिचारिकेकडे पाठवतो. हे त्यांना म्हणता आले, कारण त्या शहरात डॉ. जोसेफीन बेकर यांनी आधीची दहा वर्षे खपून शाळांतून परिचारिका आणि तपासण्या यांची घडी बसवली होती. शाळा उघडी ठेवण्याचा निर्णय एका दिवसात झाला असेल. त्याची तयारी दहा वर्षांची होती. आपल्या किती शाळांत परिचारिका आहे? मी विचारून पाहिले. सौ. म्हणाली, “प्रथमोपचाराची पेटी आहे. किल्ली शिपाईमामांकडे असते.”

पुण्याला तर याहून जुनी आठवण आहे. प्लेग इथे आला तेव्हा अण्णासाहेब कर्वे यांनी १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम गावात होता. तो त्यांनी बंद केला नाही आणि आहे तिथे ठेवलाही नाही. १९०० साली तो उचलून त्यांनी हिंगण्याच्या ओसाड माळावर एका झोपडीत नेला, आणि स्वतः गणित शिकवायला फर्ग्युसन महाविद्यालयात रोज पायी येत-जात राहिले. उघडे आणि बंद यांच्या पलीकडे तिसरेही काही असते, हे एका गणिताच्या प्राध्यापकाला सुचले होते. मारुतीच्या ओट्यावर बसणारी आमची ताई हिंगण्याच्याच वाटेवरची, असे मला उगीचच वाटते.

प्लेग म्हटले की दुसरे नाव आठवते ते सावित्रीबाईंचे. रुग्णांची सेवा करताना प्लेगनेच त्या १० मार्च १८९७ रोजी गेल्या. साथीच्या काळात भाषणे करणाऱ्यांना हे नाव फार आवडे. सावित्रीबाई आपण होऊन गेल्या होत्या, हे भाषणांतून बहुधा गळत असे. परिपत्रक काढून कोणाला सावित्रीबाई करता येत नाही. आणि केलेच, तर निदान मागे राहणाऱ्यांची सोय पाहावी लागते.

हे मी रागाने लिहितो आहे, आणि त्याला कारण आहे. चित्रकलेच्या बाई, ज्यांनी चार महिने थांबू या म्हटले होते, त्या एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. शाळेमुळे गेल्या असे म्हणता येणार नाही. शाळा तेव्हा बंदच होती. पण बाई घरी नव्हत्या. त्यांना घरोघर फिरून रुग्णांची नोंद करण्याचे काम लावले होते. शाळा बंद म्हणजे शिक्षक सुरक्षित, हे गणितही किती कच्चे आहे पाहा. आधी शिधावाटपाच्या दुकानावर, मग नाक्यावर, मग घरोघर. मुलांना घरी बसवले, मास्तर गावभर हिंडत होता. करोनाच्या कामावर असताना मृत्यू आल्यास कुटुंबाला ५० लाख रुपये, अशी राज्याची योजना होती. बाईंचे यजमान कागद घेऊन हेलपाटे घालू लागले. कामाचा लेखी आदेश कुठे आहे, असा प्रश्न आला. आदेश फोनवर आला होता. सौ. आणि गणिताचे सर यांनी मिळून त्या गल्लीतल्या बावीस घरांच्या सह्या गोळा केल्या : होय, या बाई आमच्या दारी आल्या होत्या, त्यांनी आमच्या बोटाला यंत्र लावले होते. ते प्रकरण पुढे कितीतरी महिने फिरत राहिले. बाईंनी वर्गात लावलेली मुलांची चित्रे मात्र भिंतीवर तशीच होती. शाळा बंद असल्यामुळे ती कोणी काढली नव्हती.

उत्तर प्रदेशात तर त्याच एप्रिलात पंचायतींच्या निवडणुकीच्या कामावर गेलेल्या शिक्षकांचा केवढा वाद झाला. शिक्षकांच्या संघटनेने मृतांची यादी दिली ती १,६२१ नावांची. सरकार आधी म्हणाले, तीन. नियमांतल्या मुदतीत बसले ते तीन. पुढे नियम बदलावे लागले.

म्हणून जानेवारी २०२२ मध्ये, तिसऱ्या उघडझापीच्या वेळी, सौ.च्या मुख्याध्यापिकाबाईंनी जे केले ते मला मोठे वाटते. पुण्यात १ फेब्रुवारीपासून वर्ग भरणार हे ठरल्यावर त्यांनी सगळ्या शिक्षकांना बोलावले आणि एकेक कोरी चिठ्ठी दिली. “नाव घालू नका. तुमचं काय म्हणणं आहे ते लिहा. निर्णय माझ्या हातात नाही, पण शाळा माझ्या हातात आहे,” असे म्हणाल्या. सव्वीस चिठ्ठ्या आल्या. नुसते ‘बंद ठेवा’ लिहिलेल्या दोन निघाल्या, नुसते ‘उघडा’ लिहिलेल्या तीन. उरलेल्या एकवीस चिठ्ठ्यांत ‘पण’ होता. उघडा, पण गरोदर बाईंना वरच्या मजल्यावर वर्ग नको. उघडा, पण डबे एकत्र खाऊ देऊ नका. उघडा, पण लगेच परीक्षा घेऊ नका, मुले आधी बोलू द्यात. उघडा, पण सर्वेक्षणाचे काम आता दुसऱ्या कोणाला द्या. एकाने लिहिले होते, मला भीती वाटते, पण येईन.

आणि चार जणांनी, वेगवेगळ्या अक्षरांत, खिडक्यांविषयी लिहिले होते.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावला. दुसऱ्या मजल्यावरच्या अकरा खिडक्यांपैकी सहा पटाशीने सुटल्या. तीन पी.टी.च्या सरांनी खांद्याने ढकलून उघडल्या. दोन काही केल्या हलेनात, तेव्हा सुताराने बिजागऱ्या काढून तावदाने पूर्णच उतरवली आणि कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवली. पावसाळा अजून चार महिने लांब होता.